वादी रममध्ये बेदुईनांच्या तळावर एक रात्र : खासगी सहल घ्यावी की घेऊ नये?

दारव्ह्याचे गुरुजी यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. मुलगी नोकरीनिमित्त दोह्याला असते. नोव्हेंबरमध्ये आम्ही उभयतांनी नागपूरहून तिच्याकडे जावे आणि तेथून तिघांनी मिळून आठवडाभर जॉर्डन पाहावे, असा तिचा बेत आहे. पेट्रा या तेथील कातळात कोरलेल्या प्राचीन नगरीबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु पेट्रानंतर दक्षिणेकडील वादी रम या वाळवंटात खासगी वाटाड्या व गाडी घेऊन एक रात्र बेदुईनांच्या, म्हणजे तेथील वाळवंटी अरब टोळ्यांच्या, तंबूत काढावी, असा तिचा आग्रह आहे आणि तेथे माझे मन अडखळते.

पहिली अडचण शरीराची आहे. माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात, आम्ही दोघेही शाकाहारी आहोत आणि रात्री किमान दोनदा उठावे लागते. दुसरी अडचण अशी की, 'खासगी' या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे मला जाहिरातींवरून उमगत नाही. तिसरी अडचण कदाचित काहींना हास्यास्पद वाटेल. आमच्या शेतात दरवर्षी उन्हाळ्यात काठेवाडी मेंढपाळ उंट आणि कळप घेऊन उतरतात, आम्ही मेंढरे बसवण्याबद्दल त्यांना धान्य देतो आणि ते आम्हाला त्यांच्या पालावर चहा पाजतात. त्या चहाचे पैसे देऊ केले, तर त्यांना ते निश्चितच लागेल. मग जो पाहुणचार आधीच पैसे भरून आरक्षित केला आहे, तेथे पाहुण्याने वागावे तरी कसे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मेहकरची लेक

गुरुजी, मी सासूबाईंना घेऊन नोव्हेंबरच्याच अखेरीस तेथे जाऊन आले असल्यामुळे आपल्या पहिल्या अडचणीबद्दल खात्रीने लिहू शकते.

थंडीपासून सुरुवात करते, कारण आपण विदर्भातली माणसे वाळवंट म्हटले की मे महिन्यातले चंद्रपूर डोळ्यांसमोर आणतो आणि तेथेच फसतो. वादी रमची वाळूच मुळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० ते १००० मीटर उंचीवर आहे, हवा कोरडी असते आणि सूर्य डोंगराआड गेल्यावर अर्ध्या तासात गारठा जाणवू लागतो. दिवसा सासूबाई पदराने वारा घेत होत्या आणि रात्री त्यांच्या अंगावर तीन जाड ब्लँकेटे होती. लोकरीचे मोजे, कानटोपी आणि आतून घालायचे गरम कपडे यांना पर्याय नाही. डिसेंबर-जानेवारीत तर पारा शून्याच्या आसपास उतरतो.

जेवणाबाबत एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. तेथील मुख्य पदार्थाला 'झर्ब' म्हणतात. जमिनीत पुरलेल्या पिंपात लाकडांचा आर करून त्यावर दोन-तीन मजल्यांची लोखंडी जाळी उतरवतात, झाकण लावून वर कांबळे टाकतात, त्यावर वाळू लोटतात आणि दोन-तीन तासांनी सर्वांसमक्ष ते उकरून काढतात. आपल्याकडे वांग्याची भाजी चुलीवर आणि रोडगे गोवऱ्यांच्या आरात असा जो थाट असतो, तोच येथे जमिनीखाली असतो. मात्र जाळीच्या वरच्या मजल्यावर कोंबडी किंवा बकरा असेल, तर त्याची चरबी खालच्या बटाट्या-गाजरांवर ठिबकत राहते. 'आमच्याकडे शाकाहारी जेवण आहे' असे तळवाले मनापासून सांगतात, कारण त्यांच्या हिशेबी बटाटा हा बटाटाच असतो. आम्ही ही बाब आदल्या दिवशी लेखी कळवली होती, म्हणून आमच्या भाज्या स्वयंपाकघरात वेगळ्या शिजवून मिळाल्या. सकाळच्या न्याहारीला हुम्मुस म्हणजे वाटलेल्या काबुली चण्यांची चटणी, ऑलिव्ह, लबनेह म्हणजे आपला चक्का, आणि पातळ रोट्या असल्यामुळे तेव्हा काही प्रश्न आला नाही.

गुडघ्यांचे म्हणाल, तर खरी कसरत गाडीत चढण्याची असते. बहुतेक गाड्या म्हणजे मागच्या हौद्यात बाकडी बसवलेल्या उघड्या पिकअप असतात आणि खझालीची घळ, कातळकमान, वाळूचा उतार अशी ठिकाणे करीत दिवसातून आठ-दहा वेळा चढ-उतार करावी लागते. आपण खासगी गाडी घेणार असाल, तर काकूंना वाहनचालकाच्या शेजारी आत बसता येईल, असे आधीच ठरवून घ्यावे. उम्म फ्रूथची कमान त्यांनी खालूनच पाहावी. उंटावर बसण्याचा मोह झालाच, तर उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, म्हणून माणूस पुढे फेकला जातो, हे ध्यानात ठेवून मागे रेलून बसावे. सासूबाईंना हे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी उंटाची मान जी घट्ट धरली, ती उतरेपर्यंत सोडली नाही.

रात्री उठण्याबाबत विचारण्याचा खरा प्रश्न असा, की स्वच्छतागृह तंबूला जोडलेले आहे की वाळूतून चालत जावे लागते. दोन्ही प्रकार असतात. आमचे पन्नास पावलांवर होते, त्यामुळे दोन विजेऱ्या नेल्या होत्या. पण खरे सांगायचे, तर पहाटे चारला सासूबाईंना घेऊन बाहेर पडले, तेव्हा ईशान्येला सप्तर्षींचे बाजले उभे टाकलेले होते, आणि त्या थंडीत त्या दहा मिनिटे तशाच पाहत उभ्या राहिल्या. अमावास्येच्या आसपासची तारीख मिळाली, तर अवश्य घ्यावी.

वरुडकर

मेहकरच्या ताईंनी उत्तम लिहिले आहे. मी केवळ 'खासगी' या शब्दाबद्दल लिहितो, कारण त्या शब्दाने मला पोळले आहे.

आम्ही चौघांनी आपल्याकडच्या एका मोठ्या शहरातील सहल कंपनीमार्फत 'खासगी वाळवंट मुक्काम' म्हणून पैसे भरले होते. प्रत्यक्षात गाडी तेवढी आमची होती. तळावर साठ-सत्तर माणसे होती, जेवणाच्या मंडपात ध्वनिक्षेपक होता आणि तंबूऐवजी प्लास्टिकचे पारदर्शक घुमट होते, ज्यांत वातानुकूलन यंत्र रात्रभर घरघरत होते. कंपनीशी भांडण केल्यावर 'गाडी खासगीच होती ना' असे उत्तर मिळाले आणि शब्दशः पाहता ते खोटेही नव्हते.

नंतर कळलेली गोष्ट सांगतो. वादी रमचे संरक्षित क्षेत्र सुमारे ७४० चौरस किलोमीटरचे असून २०११ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याच्या लगत दीसी नावाचे गाव आहे आणि त्या बाजूचे कितीतरी तळ या संरक्षित क्षेत्राच्या बाहेर पडतात. तेथे साधी मोटार थेट जाते, वीज असते आणि दिव्यांचा लखलखाट असतो. संरक्षित क्षेत्रातल्या तळांकडे जायचे, तर आपली मोटार रम गावात ठेवून चारही चाकांना जोर असलेल्या स्थानिक गाडीतूनच जावे लागते. त्यामुळे आरक्षण करताना दोनच प्रश्न विचारावेत : तळ संरक्षित क्षेत्राच्या आत आहे काय, आणि त्या रात्री तळावर आमच्याखेरीज किती पाहुणे असतील? जो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देत नाही, त्याच्याकडे जाऊ नये.

दीसीबद्दल आणखी एक, विषयाला थोडे सोडून. त्या वाळूखाली हजारो वर्षांपूर्वीचे भूजल साठलेले आहे आणि २०१३ पासून ते तीनशेहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीने राजधानी अम्मानला नेले जाते. वरुड-मोर्शीच्या आम्हा संत्राबागायतदारांना, ज्यांनी बोअरवर बोअर मारून स्वतःचे पाताळ कोरडे केले, ते ऐकून कसेसेच झाले.

खर्चाच्या दृष्टीने 'जॉर्डन पास' घरूनच, म्हणजे त्या देशात पाऊल ठेवण्यापूर्वी घ्यावा. पेट्राच्या एका दिवसासह तो ७० दिनारांना मिळतो, त्यात वादी रमचे ५ दिनारांचे प्रवेशशुल्क येते आणि देशात किमान तीन रात्री राहणार असाल, तर ४० दिनारांचे व्हिसाशुल्कही माफ होते. नुसते पेट्राचे एका दिवसाचे तिकीट ५० दिनारांचे आहे, तेव्हा हिशेब आपला आपणच लावावा.

आर्वीचा वाटसरू

एवढा खटाटोप करण्याऐवजी जैसलमेरजवळ समच्या वाळूत एक रात्र काढावी, असे माझे मत आहे. तेथे उंट आहेत, गाणे आहे, शाकाहारी जेवणाची चिंता नाही आणि भाषाही समजते. गुरुजींनी राग मानू नये.

अकब्याहून परतलेला

आर्वीच्या भाऊंचे म्हणणे खर्चाच्या दृष्टीने बरोबर आहे, परंतु सम हे वाळूच्या टेकड्यांचे ठिकाण आहे, तर वादी रम म्हणजे वाळूतून सरळ वर उठलेले शेकडो मीटर उंचीचे तांबडे कातळ आहेत. एकाची हौस दुसऱ्याने फिटत नाही.

मी जॉर्डनच्या अकबा बंदरात अकरा वर्षे यंत्रदुरुस्तीचे काम केले. वादी रम तेथून तासाभराच्या वाटेवर असल्यामुळे आणि गाड्या दुरुस्त करता करता रम गावातील झलाबिया टोळीच्या काही कुटुंबांशी घरोबा जुळल्यामुळे गुरुजींच्या तिसऱ्या प्रश्नावर थोडे लिहितो. मला तो मुळीच हास्यास्पद वाटला नाही.

प्रथम एक भ्रम दूर करतो. तळावर आपल्याला भेटणारा बेदुईन उंटांमागे फिरणारा भटका नसतो. त्याचे रम गावात सिमेंटचे घर असते, मुले शाळेत जातात, आणि आपण ज्या काळ्या तंबूत झोपतो, तो त्याच्या आजीच्या पिढीत शेळीच्या केसांचा विणलेला असे, आता पुष्कळदा कारखान्यातून येतो. तळावरचा स्वयंपाकी इजिप्तचाही असू शकतो. हे सर्व उघड धंद्याचे आहे आणि त्यासाठी पैसे देताना मनात किंतु बाळगण्याचे कारण नाही.

मात्र त्या धंद्याच्या खाली जुना रिवाज अजून जिवंत आहे आणि तो कोठे डोके वर काढील, हे सांगता येत नाही. रानात आलेल्या परक्याला तीन दिवस ठेवून घ्यावे आणि तोवर 'कोण, कोठला, कशासाठी आलास' असे विचारू नये, हा त्यांचा नियम आहे. निर्जळ मुलखात आज याला पाणी नाकारले, तर उद्या आपल्यावरही तीच वेळ येईल, हा त्यामागचा रोकडा व्यवहार आहे.

एकदा एका ओळखीच्या माणसाबरोबर दुपारी जात असताना त्याने कातळाच्या सावलीत गाडी थांबवली, रतम नावाच्या वाळवंटी झुडपाच्या वाळलेल्या काटक्या गोळा केल्या आणि धुराने काळ्याठिक्कर पडलेल्या किटलीत पाणी, चहापत्ती, मूठभर साखर व मरमिया नावाचा सुगंधी पाला टाकला. दोन उकळ्या आल्यावर पहिला पेला त्याने किटलीत परत ओतला, पुन्हा भरला, पुन्हा ओतला, आणि मग माझ्या हाती दिला. मी पेला विसळायला उठलो, तर त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि वाळूने घासून ठेवला. तेथे पाहुण्याने भांड्याला हात लावलेला चालत नाही.

कॉफीचे मात्र शास्त्र आहे. वेलदोडा घातलेली कडवट कॉफी बिनकानाच्या वाटीत घोटभरच ओततात. ती उजव्या हाताने घ्यावी. वाटी नुसती परत केली, तर ती पुन्हा भरली जाते, आणि पुरे झाले असेल, तर मनगटातून दोन-तीनदा हलवून द्यावी. आमचा एक नागपूरचा सहकारी हे ठाऊक नसल्यामुळे सात वाट्या प्याला आणि रात्रभर तारे मोजत बसला.

पैशांबद्दल आपला काठेवाड्यांचा दाखला अचूक आहे. ठरलेले पैसे ठरलेल्या माणसाला द्यावेत. बक्षिसी निघताना वाहनचालकाला व स्वयंपाक्याला वेगवेगळी, ज्याची त्याच्या हातात द्यावी. परंतु वाटेतल्या चहाचे, किंवा कोणी तंबूत बोलावून पाजलेल्या कॉफीचे पैसे काढू नयेत. त्याऐवजी पुढच्या भेटीच्या वेळी घरची वस्तू द्यावी. घरातील स्त्रियांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. काकू आणि आपली मुलगी यांना मात्र बायकांच्या बाजूला सहज बोलावले जाईल, जेथे मला अकरा वर्षांत कधी प्रवेश मिळाला नाही.

एक सावधगिरीची सूचना देतो. पावसाचे सावट असेल, तर घळीत मुक्काम करण्याचा हट्ट धरू नये. डोंगरावर पडलेला पाऊस कोरड्या पात्रातून अचानक लोंढा होऊन येतो. आपल्याकडच्या नाल्याला वर पाऊस झाल्यावर खाली निरभ्र उन्हात पूर येतो, तसेच ते असते. वाटाड्या 'आज नको' म्हणाला, तर ते ऐकावे.

दारव्ह्याचे गुरुजी

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. आर्वीच्या भाऊंचा राग मुळीच नाही. जैसलमेर पुढील वर्षी पाहू. वरुडकरांचे दोन्ही प्रश्न मुलीकरवी तीन तळांना विचारले. दोघांनी उत्तर टाळले आणि तिसऱ्याने 'त्या रात्री तुमच्याखेरीज एक जोडपे' असे कळवले, तो तळ संरक्षित क्षेत्रातही आहे, तेव्हा तो नक्की केला. भाज्या वेगळ्या शिजवण्याचे आणि पत्नीला पुढे बसवण्याचेही लेखी मान्य झाले आहे.

आता एक उपप्रश्न उरतो. झर्बचे वर्णन वाचून दाखवल्यापासून सौभाग्यवतींनी तेथे रोडगे करण्याचा निश्चय केला असून त्या जाडसर दळलेली कणीक सोबत घेणार म्हणतात. तेथे गोवऱ्या नसतील, हे त्यांना पटते, पण काटक्यांच्या आरात रोडगा आतपर्यंत शिजेल काय?

अकब्याहून परतलेला

गुरुजी, काकूंना सांगावे की बेदुईनांची स्वतःची तशी भाकर आहे, तिला 'अरबूद' म्हणतात. कणकेचा जाड गोळा थापून थेट निखाऱ्यांत टाकतात, वर राख ओढतात, आणि शिजल्यावर काठीने झोडपून राख झटकतात. काटक्यांचा आर लवकर विझतो, म्हणून रोडगा आपल्यापेक्षा चपटा ठेवावा आणि एकदा उलटावा. काकू कणीक मळायला बसल्या की वाटाड्या शेजारी येऊन बसेल, तेव्हा थोडी जास्तच नेलेली बरी. तूप विसरू नये.