माजी सैनिक महिला रुग्ण: ओपीडीत पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार) कशी ओळखायची?

वाशी_जीपी
तक्रारी नेहमीच्याच: झोप नाही, डोकं दुखतं, चिडचिड. थायरॉईड, हिमोग्लोबिन नॉर्मल. दहा मिनिटांत काय विचारावं? पीसीएल-५ (पीटीएसडीच्या लक्षणांची प्रश्नावली) चा कट-ऑफ, म्हणजे किती गुणांपुढे संशय धरायचा, बायकांनाही तोच का?

नौपाडा_मानसोपचार
दहा मिनिटांत पीसीएल-५ नको. आधी पाच हो-नाही प्रश्नांची प्राथमिक चाळणी, पीसी-पीटीएसडी-५, घ्या. अमेरिकी माजी सैनिकांच्या अभ्यासात ४ चा कट-ऑफ धरल्यावर बायकांच्या बऱ्याच केसेस निसटल्या, म्हणून ३ ‘हो’ आले तरी पुढे पाठवा. पीसीएल-५ नंतर: २० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, आणि ३१–३३ च्या पुढे सविस्तर मुलाखत. नुसत्या गुणांवर निदान करू नका. लक्षणं महिन्याहून जास्त टिकलेली हवीत.

खरी गोची प्रश्नाच्या शब्दांत आहे. ‘लढाईत होतात का?’ विचारलं की ‘नाही’ येतं आणि विषय तिथेच मिटतो. नर्सिंगमधल्या बाईने जखमींचे हाल पाहिलेले असतात. कुणाला त्रास आपल्याच युनिटमधल्या माणसाकडून झालेला असतो. त्यापेक्षा विचारा, ‘नोकरीत जिवावर बेतलेलं किंवा कुणी जबरदस्ती केल्याचं काही घडलं का?’ सोबत आलेला नवरा, सासू आधी बाहेर. हो-नाही पुरे, तपशील उकरू नका.

घोडबंदर_समुपदेशक
दहीहंडीचे डीजे, दिवाळीचे सुतळी बॉम्ब यांचा त्रास कुणालाही सुचतो. पण आघात सहकाऱ्याकडून असेल तर बंद केबिन, दारूचा वास, मागून येणारा पुरुष यानेही जीव घाबरा होतो. तपासताना मागे उभे राहू नका; हात लावण्याआधी सांगा.

नौपाडा_मानसोपचार
आणि कृपा करून अल्प्राझोलम (चिंता शमवणारी गोळी) सुरू करू नका. झोप लागते, मूळ आजार तसाच राहतो, सवय मात्र जडते. त्याऐवजी सर्ट्रालिन (नैराश्यविरोधी औषध) २५ मिग्रॅ, आठवड्याने ५०. फरक दिसायला चार-सहा आठवडे. गरोदरपण संभवत असेल तर त्याच गटातलं पॅरॉक्सेटिन टाळा. मुख्य उपचार मात्र थेरपीच. सीपीटीची (आघाताबद्दलचे विचार तपासून बदलायची थेरपी) साधारण १२ सत्रं असतात. मध्येच सत्र बुडवलं तर आळस समजू नका, टाळणं हे लक्षणच आहे. फोन करा.

वाशी_जीपी
पाठवायचं कुठे?

घोडबंदर_समुपदेशक
ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर आधी पॉलिक्लिनिकचं रेफरल. नसेल तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. रात्री-अपरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलता येतं. जुने मेडिकल बोर्डाचे कागद जपून ठेवायला सांगा. अपंगत्व पेन्शनच्या दाव्यात तेच आधी मागतात.