गोराईच्या मांसमाश्या: तीन पट्टे सगळ्यांनाच, मग जात ओळखायची कशी?

खाडीकाठ: गोराईला बोंबील वाळत घालतात त्या बांबूंजवळ कुजक्या कोलंबीच्या डोक्यांचा सापळा लावून 14 माश्या मिळाल्या. पाठीवर तीन काळे पट्टे, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डोळे विटकरी. 9 पिनवर आहेत, 5 सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. दोघींच्या पोटाचं टोक लाल आहे. दुर्मीळ जात असेल का? फोटो टाकू?

द्विपंखी: फोटोवरून जात सांगता येणार नाही. हे वर्णन सार्कोफागा या मांसमाश्यांच्या वंशातल्या कितीतरी जातींना लागू पडतं, लाल टोकही. आधी कुळ पक्कं करा. छातीच्या कडेला, पंखाच्या थोडं पुढे छोटा त्रिकोणी भाग असतो. तिथे चार राठ केस, दोन मोठे दोन बारीक, असतील तर मांसमाशी. निळ्या-हिरव्या माश्यांना तिथे दोनच. मग नर वेगळे काढा: त्यांच्या पोटाचं टोक फुगीर गोळ्यासारखं असतं. जात ठरते ती नराच्या जननांगांवरून. माद्या बहुतेक वेळा बाजूलाच ठेवाव्या लागतात.

खाडीकाठ: एका नराचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) उकळलं, तर पारदर्शक लगदाच हाती आला.

सूक्ष्मदर्शी: उकळायचं नसतंच. 10 ग्रॅम पोटॅश, 100 मिली डिस्टिल्ड पाणी. पोटाचं टोक कापून त्यात रात्रभर थंडच ठेवा; घाई असेल तर गरम पाण्यात बाटली धरून दहा मिनिटं, तीही दर दोन मिनिटांनी बघत. स्नायू विरघळले की थांबा. त्यापुढे लिंगाचे पातळ पडदे जातात, आणि ओळख नेमकी त्यांच्याच आकारावर असते. मग पाण्यात दोन थेंब ॲसेटिक ॲसिड टाकून धुवा, खोलगट स्लाइडवर ग्लिसरीनमध्ये ठेवा, 40 ते 100 पट मोठं करून डावीकडून आणि मागून फोटो काढा. काम झालं की तो भाग ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत घालून त्याच माशीच्या पिनवर टोचा. कुपी वेगळ्या डब्यात गेली की कुठलं टोक कुणाचं, हे कायमचं हरवतं.

वाळलेले नर आधी ओलसर वाळूच्या बंद डब्यात 24 तास मऊ करा. जास्त ठेवलेत तर मुंबईच्या हवेत बुरशी येते. पुढच्या वेळी माशी मारल्याबरोबर, ताजी असतानाच बारीक आकड्याने टोक बाहेर ओढून ठेवा, हा सगळा खटाटोप निम्म्यावर येतो.

द्विपंखी: पिनही छातीच्या उजव्या बाजूने मारा, म्हणजे डावीकडचे केस शाबूत राहतात. पिन स्टेनलेस स्टीलचीच; खाऱ्या हवेत साधी गंजते.

डीएनए करायचा झाला तर पुढच्या माश्यांचा एक पाय 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. 70 टक्क्यांत डीएनए हळूहळू खराब होतो, इथाइल ॲसिटेटच्या वाफेत मारलेल्यांचाही. जुळणी आली तरी डोळे झाकून मानू नका; सार्वजनिक साठ्यांत चुकीच्या नावाने टाकलेले डीएनए-क्रमही सापडतात.

आणि "दुर्मीळ" म्हणण्याआधी रुफिकॉर्निस, पेरेग्रिना, डक्स, अल्बिसेप्स या नेहमीच्या जातींशी ताडून पाहा. रुफिकॉर्निसच्या मिशा (स्पर्शिका) लालसर असतात. जिवंत मादी मिळाली तर कपात मटणाचा तुकडा द्या. ती अंडी नाही, थेट अळ्या टाकते. खाली चार बोटं भुसा ठेवा, अळ्या त्यात शिरून कोष करतील. त्यातून निघालेल्या नरांवरून मादीचीही जात कळते.

सूक्ष्मदर्शी: लेबल पेन्सिलीने लिहिलंय ना? बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. अक्षांश-रेखांश, तारीख, आमिष, गोळा करणाऱ्याचं नाव. हे नसेल तर जात कितीही दुर्मीळ असो, नमुना बाद.

खाडीकाठ: बॉलपेनच. आज बदलतो.