सांतानाच्या वादनात घोषणा नाहीत, मग तो चळवळीतला कसा?

सहावी_तार
मंडळी, मदत हवी आहे. आमच्या कॉलेजात आम्ही काही जण ‘गाणं आणि चळवळ’ असा कट्टा भरवतो. एकाने एका कलाकारावर बोलायचं, गाणी ऐकवायची, मग चहा आणि भांडणं. अमर शेख झाले, अण्णा भाऊ झाले, बॉब मार्ली झाला. पुढची पाळी माझी. मी गिटारवादक कार्लोस सांतानाचं नाव देऊन बसलोय, कारण मी गिटार वाजवतो आणि त्याची ‘युरोपा’ ही धून बसवताना माझी बोटं सोलून निघाली आहेत.

नाव ऐकताच एक मैत्रीण म्हणाली, ‘हा कुठला चळवळीतला? शाहिराच्या गाण्यात गिरणी असते, मालक असतो, मोर्चा असतो. याच्या निम्म्या गाण्यांना तर बोलच नाहीत.’ मला उत्तर सुचेना. ‘स्मूद’ उकाड्यातल्या प्रेमाचं गाणं, तेही रॉब थॉमसने गायलेलं. ‘ब्लॅक मॅजिक वूमन’ पीटर ग्रीनचं, ‘ओये कोमो वा’ टिटो पुएन्तेचं. मेक्सिकोतून आलेला स्थलांतरित, वुडस्टॉकचा संगीतमहोत्सव, ग्रॅमी पुरस्कार, समाजकार्य एवढं सगळीकडे वाचायला मिळतं. पण संगीताने त्याने नक्की केलं काय? नाव बदलू की बोलू?

फ्रीमाँटकर
नाव बदलू नका. मैत्रिणीलाही नाउमेद करू नका, प्रश्न चोख आहे.

आधी बोलांचं. ‘स्मूद’ ज्या ‘सुपरनॅचरल’ अल्बमवर आहे (१९९९), त्याच अल्बमवर ‘मिग्रा’ नावाचं गाणं आहे. सीमेवर आणि वस्त्यांमध्ये माणसं पकडणाऱ्या अमेरिकेच्या इमिग्रेशन पोलिसांना मेक्सिकन लोक याच नावाने ओळखतात, आणि गाण्यात त्यांनाच तोंडावर सुनावलंय. मूळ गाणं रशीद ताहाचं. ताहा अल्जीरियात जन्मला, पोरवयात आईबापांबरोबर फ्रान्सला गेला. ल्यों शहरात कारखान्यात काम करता करता त्याने बँड काढला आणि त्याला नाव दिलं ‘कार्त द सेजूर’, म्हणजे परदेश्याला फ्रान्समध्ये राहायला लागणारा परवाना! एका स्थलांतरिताने दुसऱ्या खंडातल्या स्थलांतरिताचं गाणं उचललं आणि कोट्यवधी खपलेल्या अल्बमवर नेऊन बसवलं. ते किती जणांनी लक्ष देऊन ऐकलं हे मात्र विचारू नका. लोक ‘स्मूद’च पुन्हा पुन्हा लावत होते.

पण माझ्या मते सांताना बोलांमध्ये शोधायचा माणूसच नाही. तो कुणासाठी वाजवायला उभा राहिला आणि तिकिटाचे पैसे कुठे गेले, ते बघा.

मी १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोला शिकायला आलो. स्वस्त खोली मिळाली ती मिशन भागात. सांताना याच भागातला, इथल्याच मिशन हायस्कुलातून १९६५ साली बाहेर पडलेला. जन्म हालिस्को प्रांतातल्या आउत्लान गावचा, १९४७चा. बाप मारियाची या मेक्सिकन लोकसंगीताच्या ताफ्यात व्हायोलिन वाजवायचा आणि पोरालाही त्याने आधी व्हायोलिनच शिकवलं. (त्याचा स्वर इतका लांब का चालतो, याचं अर्धं उत्तर तुम्हा गिटारवाल्यांना इथेच मिळेल.) मग तिहुआना हे सीमेवरचं मेक्सिकन शहर, तिथल्या नाइटक्लबांत रात्र रात्र गिटार. घरचे अमेरिकेत आले तेव्हा याला यायचंच नव्हतं. एकदा तर परत पळून तिहुआनाला गेला, शेवटी आई आणि मोठा भाऊ जाऊन घेऊन आले. इथे आल्यावर टिक टॉक नावाच्या हॉटेलात भांडी घासली. हे भांड्यांचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी आलो तेव्हा आमच्या गल्लीत एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतल्या देशातली कुटुंबं भरलेली. तिकडे १९८० पासून यादवी पेटलेली होती. १९९२ मध्ये ती थांबली तोवर सुमारे ७५ हजार माणसं मेली. तिथल्या सैन्याला शस्त्रं आणि पैसा अमेरिकाच पुरवत होती, त्यामुळे त्या सैन्याच्या भीतीने पळून आलेल्यांना आश्रय देणं म्हणजे आपल्याच धोरणाला खोटं पाडणं. म्हणून त्यांचे अर्ज बहुतेक फेटाळलेच जायचे. डिसेंबर १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने ठराव करून या लोकांसाठी स्वतःला आश्रयाचं शहर म्हणून जाहीर केलं होतं, पण कागद तर वॉशिंग्टनचेच लागत. आमच्या खालच्या मजल्यावरचा बाप्या रात्रभर एका हॉटेलात राबायचा आणि सकाळी दार वाजलं की आधी खिडकीतून बघायचा.

अशा दिवसांत, १९८७ मध्ये, ‘ब्लूज फॉर साल्वादोर’ अल्बम आला. त्याच नावाची धून चेस्टर थॉम्पसनबरोबर रचलेली आहे, एक शब्द नाही. साल्वादोर हे सांतानाच्या मुलाचंही नाव. जानेवारी १९८८ मध्ये त्याच नावाने ओकलंडला मोठी मैफल झाली, ती एल साल्वादोरच्या मुलांच्या मदतीसाठी. बिल ग्रॅहमने भरवलेली, ग्रेटफुल डेड बँडचा जेरी गार्सिया वगैरे मंडळी हजर. माझ्या खिशात तिकिटाएवढे पैसे नव्हते. पण त्या महिन्यात आमच्या गल्लीत एवढा एकच विषय होता. वर्तमानपत्रात युद्धाच्या बातम्या आतल्या पानावर कोपऱ्यात यायच्या, आता देशाचं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरांत, तेही ओकलंडमध्ये! त्या धुनेला पुढे ग्रॅमी मिळालं, आणि सांतानाचं ते पहिलं ग्रॅमी. म्हणजे पुरस्कार देणाऱ्यालाही त्या देशाचं नाव उच्चारावं लागलं.

याच अल्बमवर ‘मंडेला’ नावाची धून आहे, आर्मान्दो पेराझा या काँगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) वाजवणाऱ्या क्यूबन माणसाची. तीही बिनशब्दांची. तेव्हा मंडेला तुरुंगातच होते. २००३ साली सांतानाने आपल्या अमेरिकेतल्या उन्हाळी दौऱ्याचा नफा दक्षिण आफ्रिकेतल्या एड्सविरोधी कामाला दिला, तेव्हा मला ती धून आठवली.

पखवाजी_कोल्हापूर
फ्रीमाँटकर काकांनी पैशाचं सांगितलं, मी मंचाचं सांगतो. १६ ऑगस्ट १९६९, वुडस्टॉक. त्यांचा पहिला अल्बमही बाजारात यायचा होता, म्हणजे समोरच्या अफाट गर्दीला हे कोण, काही पत्ता नाही. मंचावर बघा: मेक्सिकोचा सांताना, निकाराग्वाच्या लिओन गावचा चेपितो आरेआस टिंबाले ढोलांवर, पोर्तोरिकन घरातला माइक काराबेयो काँगावर, बेसवर काळा डेव्हिड ब्राऊन, ऑर्गनवर ग्रेग रोली, ड्रम्सवर विशीतला गोरा मायकल श्रीव्ह. अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा होऊन पाच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. तिथे वाजवलेल्या ‘सोल सॅक्रिफाइस’चं चित्रण डोळ्यांनी बघा, नुसतं ऐकू नका.

आणि सांतानाने वाजवलेली ‘जिंगो’ ही नायजेरियाच्या बाबातुंदे ओलातुंजीची रचना आहे. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर जे ठेके क्यूबा-पोर्तोरिकोला गेले, ते रॉकच्या पोटात नुसती शोभा म्हणून वाजत नाहीत, सगळा डोलारा त्यांच्यावर उभा असतो. काँगा काढून बघा, गाणं कोसळतं. आम्हा तालवाल्यांना हे आधी कळतं, गिटारवाल्यांना जरा उशिरा. (दिवा घ्या.)

चेपितोच्या देशात डिसेंबर १९७२ मध्ये भूकंपाने मानाग्वा शहर जमीनदोस्त झालं. जानेवारी १९७३ मध्ये लॉस एंजेलिसला रोलिंग स्टोन्सने मदतीची मैफल केली, तिथे सांतानाही वाजवायला होता.

मीरा_ठाणे
धागा छान चाललाय, पण आरती होते आहे. थोडं मीठ टाकते.

भूकंपाला मदत, मुलांना मदत, एड्सला मदत, हे सगळं दान झालं. दान आणि चळवळ यांत फरक आहे की नाही? १९९८ साली त्याने आणि पत्नी डेबराने मिलाग्रो फाउंडेशन काढलं, मुलांच्या शिक्षण-आरोग्य-कलेसाठी पैसे देणारं. उत्तम काम. पण त्याच्या नावाचे बायकांचे सँडलही निघाले होते आणि त्यातला वाटा फाउंडेशनला जायचा. सँडल विकून क्रांती होत नाही हो!

दुसरं, तो ज्यांच्या बाजूचा म्हणवतो त्यांनाच तो नेहमी आपला वाटला असं नाही. डिसेंबर १९७१ मध्ये बँड पेरूला, लिमाला गेला. सान मार्कोस विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये कार्यक्रम ठरलेला. डाव्या विद्यार्थ्यांचा विरोध आणि सरकार लष्करी, तेही डाव्या वळणाचं. त्यांच्या लेखी हे लांब केसवाले म्हणजे अमेरिकी संस्कृतीची घुसखोरी. कार्यक्रम न होताच बँडला देशाबाहेर काढलं. २००५च्या ऑस्करला तो क्यूबाच्या क्रांतीतल्या चे गव्हेराचं चित्र असलेला शर्ट घालून आला, तेव्हा क्यूबातून परागंदा झालेला सॅक्सोफोनवादक पाकितो द’रिवेरा याने जाहीर पत्र लिहून खडसावलं. म्हणजे एक लॅटिन स्थलांतरित संगीतकार दुसऱ्याला विचारतोय की आमचं दुःख तुझ्या छातीवरचं चित्र कसं झालं?

आणि २०२३ मध्ये भर मैफलीत ट्रान्स लोकांबद्दल नको ते बोलला, नंतर माफी मागितली. सहावी_तार, हे तुम्ही नाही सांगितलंत तर तुमच्या कट्ट्यावर कुणीतरी मोबाइल काढून सांगेलच.

फ्रीमाँटकर
मीराताई, मीठ बरोबर पडलं. पेरूचं तर बोलायलाच हवं. अमेरिकेत तो मेक्सिकन आणि लिमात अमेरिकन. ट्रान्स लोकांबद्दल तो जे बोलला त्याला माझ्याकडे बचाव नाही, शोधायचाही नाही.

दानाबद्दल मात्र भांडतो. १५ मे २०११, अटलांटा. बेसबॉलच्या लीगचा ‘सिव्हिल राइट्स गेम’, नागरी हक्कांच्या लढ्याच्या सन्मानार्थ भरवलेला सामना. सांतानाला तिथे पुरस्कार होता. दोनच दिवस आधी जॉर्जियाच्या गव्हर्नरने एचबी ८७ कायद्यावर सही केली होती, पोलिसांना लोकांचे स्थलांतराचे कागद तपासायचे अधिकार देणारा. आदल्या वर्षी ॲरिझोनात तसाच कायदा झालेला. पाहुण्याने अशा वेळी काय करायचं असतं? हसायचं, हात हलवायचा, ट्रॉफी घेऊन बसायचं. याने मैदानातच ॲरिझोना आणि अटलांटाच्या लोकांना सुनावलं की तुम्हाला लाज वाटायला हवी. टाळ्यांची हुर्यो झाली. नंतर पत्रकारांपुढे आणखी स्पष्ट बोलला: हा कायदा क्रूर आहे, आम्ही तुमच्या नोकऱ्या पळवतो म्हणता, पण चादरी बदलायला आणि संडास धुवायला तुम्ही येणार नाही. हे बोलणारा माणूस टिक टॉकमध्ये भांडी घासलेला होता, म्हणून वर लक्षात ठेवा म्हटलं.

आता मैत्रीण विचारेल, यात संगीत कुठे? माझं उत्तर, तो माइक त्याच्यापर्यंत आला तो गिटारमुळेच. शाहीर माणसं गोळा करतो आणि गाण्यातच मुद्दा सांगतो. याने गिटारने गोळा केली आणि मुद्दा गाण्याच्या आजूबाजूला सांगितला. दुसरा मार्ग पहिल्याहून कमी परिणामकारक आहे असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण बोलणं विरतं आणि लोक धून तेवढी घरी नेतात. पण चळवळ नाहीच, असं म्हणायला मी तयार नाही.

अजून एक. २०१७ मध्ये डोलोरेस वेर्ता यांच्यावर माहितीपट आला, ‘डोलोरेस’. सीझर चावेझबरोबर शेतमजुरांची संघटना उभारणारी ही बाई, डेलेनोच्या द्राक्षमजुरांचा १९६५ ते ७० चाललेला संप, ‘सी, से प्वेदे’ (होय, जमेल) ही घोषणा तिची. श्रेय मात्र वर्षानुवर्षं चावेझलाच. तो माहितीपट सांतानाने कार्यकारी निर्माता म्हणून उभा केला, दिग्दर्शन पीटर ब्रॅटचं. तिथे ना सँडल ना दान.

मीरा_ठाणे
वेर्तांचं मान्य. दानावर मी अजून ठाम आहे, पण अटलांटाला वजन आहे. हुर्यो पत्करणं ही वेगळी गोष्ट.

सहावी_तार
भांडणच मांडतो मग, निकाल न लावता. तो देवदीप नाव लावायचा तो काळ सांगू का? श्री चिन्मय या बंगाली गुरूंचा शिष्य वगैरे? आपल्याकडच्यांना त्यात रस वाटेल. आणि वेळ थोडा आहे, ऐकवू काय?

पखवाजी_कोल्हापूर
चिन्मय एका वाक्यात उरका, नाहीतर सगळा वेळ त्यातच जाईल. १९७३चा जॉन मॅकलॉफ्लिन या गिटारवाल्याबरोबरचा अल्बम हवा तर नावापुरता घ्या. मॅकलॉफ्लिनने पुढे झाकीरभाईंबरोबर ‘शक्ती’ हा बँड केला एवढं म्हणालात की लोक खूश.

फ्रीमाँटकर
सहमत. सुरुवात ‘सोल सॅक्रिफाइस’च्या चित्रफितीने, मायकल श्रीव्हचा ड्रम सोलो न कापता. मग ‘मिग्रा’, पण आधी बोलांचा मराठीत थोडक्यात अर्थ सांगा, नाहीतर लोक नाचायला लागतील. ‘ब्लूज फॉर साल्वादोर’ लावताना मात्र आधी काहीच सांगू नका. वाजू द्या, संपल्यावर नाव आणि साल सांगा, मग युद्ध. त्यानंतर अटलांटा नुसतं बोलून सांगा आणि पेरू, चेचा शर्ट, २०२३ हे सगळं स्वतःच काढा.

‘युरोपा’ तुम्ही स्वतः वाजवणार असाल तर शेवटी नको, मध्ये घ्या. आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर काँगा ऐकू येत नाही. कॉलेजचा मोठा स्पीकर आजच मागून ठेवा, ऐनवेळी गॅदरिंगवाले घेऊन जातात.