डेअरीचं दुकान: नवा फ्रीज न घेता युनिट कमी होतील का?

दहीहंडी_सांगली: दुकान दहा बाय वीस. ४०० लिटरचा डीप फ्रीझर, दोन व्हिझी कूलर म्हणजे काचेच्या दाराचे उभे फ्रीज (एकात दूध-दही, दुसऱ्यात नुसतं कोल्ड्रिंक), चोकच्या ४ ट्यूब, २ पंखे. महिन्याला ६०० च्या आसपास युनिट पडतात. सॉकेटला लावायचा 'पॉवर सेव्हर' घ्यावा का?

वायरमन_७: नका घेऊ. त्या डबीत एक कपॅसिटर आणि एक दिवा, बस्स. करंट थोडा उतरेल, पण तुमच्या एवढ्या जोडणीचं बिल युनिटवर येतं आणि युनिट हलत नाहीत.

आधी कोण किती खातं ते बघा. मीटरच्या पाटीवर युनिटला ३२०० पल्स (पल्स म्हणजे दिव्याची एक ब्लिंक) लिहिलं असेल, तर लाल दिव्याच्या दोन ब्लिंकमधल्या सेकंदांनी ११२५ ला भागा, वॅट मिळतील. ५ सेकंदांना एक ब्लिंक म्हणजे २२५ वॅट. पाटीवर दुसरा आकडा असेल तर ३६ लाखाला आधी त्याने भागा. एका वेळी एकच वस्तू चालू ठेवायची. कंप्रेसर मात्र चालू-बंद होतो, म्हणून फ्रीजसाठी रात्री शटर ओढताना आणि सकाळी उघडताना रीडिंग लिहून ठेवा.

ट्यूब लगेच बदला. चोक धरून एक ४८ वॅटला जाते, एलईडी पट्टी २० ला. चौदा तास चालल्या तर चौघींत महिन्याला ४७ युनिट वाचतात.

गॅसभरणी: खरं खाणं कूलरचं. प्लग काढून खालची जाळी उघडा, कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या पात्यांत धूळ आणि उदबत्तीची राख नमदा होऊन बसलेली असते. मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने झाडा, आडवं घासलं की पाती वाकतात. दर महिन्याला करा.

मग दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा. ओढल्यावर सहज निघाली तर तिथून गारवा जातोय. रबर नुसतं वाकलं असेल तर गरम पाण्याच्या फडक्याने शेकून सरळ होतं, फाटलं असेल तर बदला. फ्रीझरमध्ये बर्फ अर्धा सेंटिमीटर झाला की बंद करून वितळू द्या. सुरीने खरवडू नका, नळीला भोक पडलं की गॅस गेला.

दहीहंडी_सांगली: फ्रीझरला मागे जाळी दिसतच नाही. आणि कूलर रात्री बंद केले तर?

गॅसभरणी: त्याचं कंडेन्सर बाजूच्या पत्र्याआड असतं, म्हणून पत्रा गरम लागतो. त्याला खोकी टेकवू नका, चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा.

दुधाचा कूलर रात्री बंद करायचा नाही, पिशव्या नासतील. कोल्ड्रिंकचा चालेल. पण आठ तास बंद म्हणजे आठ तासांची बचत नव्हे, सकाळी तो बराचसा भरून काढतो. त्यापेक्षा दोन्ही कूलरमधला आणि वरच्या पाटीचा दिवा रात्री बंद करा. आतला दिवा स्वतः वीज खातो, वर त्याची उष्णता कंप्रेसरला बाहेर फेकावी लागते. टायमर लावलाच तर १६ अँपिअरचा घ्या. कंप्रेसर सुरू होताना करंट कैकपट ओढतो, हलक्या टायमरमधले वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट चिकटतात.