अलम्नसचं अलम्नाय, मग व्हायरसचं व्हायराय का नाही?

खानापूर_मास्तर:
एसएसएलसीच्या (दहावीच्या) मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी अनेकवचनांचं एका पानाचं टिपण करायचंय. अलम्नस (माजी विद्यार्थी)-अलम्नाय, फंगस-फंजाय ठीक. मग व्हायरस, कॅम्पस, स्टेटस यांना 'आय' का लागत नाही? शिवाय माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्याच्या फ्लेक्सवर इंग्रजीत काय छापायचं? सांगा की.

टिळकवाडीकर:
शेवटी 'अस' ऐकू आलं म्हणून सगळे शब्द एका घरचे नव्हेत. आपल्याकडेही घोड्याचे घोडे होतात, पण काकाचे काके होत नाहीत. लॅटिनमध्ये नामांचे त्यांच्या रूपांवरून वर्ग पाडतात. रेडियस, न्यूक्लियस, अलम्नस हे दुसऱ्या वर्गातले, त्यांना 'आय'. स्टेटस, सेन्सस, प्रॉस्पेक्टस चौथ्या वर्गातले. तिथे लॅटिनमध्येच अनेकवचनाचं स्पेलिंग तेच राहतं, शेवटचा स्वर तेवढा लांबतो. म्हणून इंग्रजीत स्टेटसेस, सेन्ससेस. जीनस, कॉर्पस तिसऱ्या वर्गातले नपुंसकलिंगी: जेनेरा, कॉर्पोरा.

व्हायरस म्हणजे लॅटिनमध्ये विष, न मोजायचं नाम. जुन्या ग्रंथांत त्याचं अनेकवचन सापडत नाही, तेव्हा व्हायरसेसच. कॅम्पस मात्र दुसऱ्या वर्गातला असूनही इंग्रजीत कॅम्पसेस. तिथे नियम शोधू नका, पाठ करून घ्या.

निपाणी_व्याकरण:
ऑक्टोपस घालणार असाल तर जपून. तो मूळचा ग्रीक. ऑक्टोपाय म्हणजे लॅटिनचा नियम भलत्यालाच लावणं. ऑक्टोपसेस लिहा. सिलॅबसची गंमत वेगळीच: पंधराव्या शतकात रोमन लेखक सिसरोची पत्रं छापताना एक ग्रीक शब्द चुकला, त्यातून हा आला. त्याचं सिलॅबसेस, सिलॅबाय दोन्ही चालतं.

गुण जातात ते खरं तर इथे नाही, 'धिस बॅक्टेरिया', 'अ क्रायटेरिया' अशा वाक्यांत. एकवचन बॅक्टेरियम आणि क्रायटेरियन (हाही ग्रीक). अजेंडा मुळात अनेकवचन, पण आज तो एकवचनी चालतो, अनेकवचन अजेंडाज. पानाचा अर्धा भाग या गटाला द्या.

टिळकवाडीकर:
फ्लेक्सचं राहिलं. फक्त विद्यार्थिनी असतील तर शब्दाच्या शेवटी 'ए-ई', रूढ इंग्रजी उच्चार अलम्नी. मुलगे-मुली मिळून असतील तर शेवटी 'आय' अक्षर, उच्चार अलम्नाय. एकटीला अलम्ना. आपल्याकडे सरसकट 'अ‍ॅलम्नी' म्हणतात, त्यामुळे फोनवर सांगितलंत तर फ्लेक्सवाला हमखास दुसरंच टाइप करणार. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

खानापूर_मास्तर:
बरं. आणि इंडेक्स?

निपाणी_व्याकरण:
पुस्तकाची सूची असेल तर इंडेक्सेस, गणितातले घातांक असतील तर इंडायसेस.