मदत हवी आहे: २ जानेवारीच्या आत एक 'अनडेड रोग' हवा (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट)

ड्रुइडमावशी:

शीर्षक बघून धागा आरोग्य विभागात हलवू नका. रोग म्हणजे या ऑनलाइन खेळातला चोर-मारेकरी, आणि अनडेड ही त्याची जमात, मेलेल्यांतून उठलेल्यांची. देवनागरीत लिहिलं की असंच दिसतं, त्याला इलाज नाही.

मी नाशिकची, वय ४७. भाच्याने जानेवारीत हा खेळ लावून दिला, स्वतः हॉस्टेलला गेला आणि सोडून दिला. मी अडकले ती सणांमुळे. खेळातल्या आठ सणांची कामं पुरी केली की जांभळा प्रोटो-ड्रेक (स्वारीचा ड्रॅगन) मिळतो. लूनर फेस्टिव्हलला जगभर फिरून वडीलधाऱ्यांच्या भुतांना नमस्कार केले. नोबलगार्डनला अंडी शोधली. मिडसमरला शत्रूच्या राजधान्यांत शिरून त्यांच्या होळीचा जाळ चोरला (चार वेळा मेले). हॅलोज एंडच्या ऐन भरात दिवाळी आली, तेव्हा चकलीच्या हाताने माउस धरलाय. असे सात सण झाले. राहिला विंटर व्हेल (खेळातला नाताळ), तो २ जानेवारीला संपतो.

त्यातलं भेटवस्तूंचं काम कसंबसं उरकलं. झाडाखालच्या भेटी २५ डिसेंबरला उघडतात म्हणून त्या दिवशी पहाटे चारला उठून खेळातल्या आयर्नफोर्ज शहरात जाऊन उभी राहिले. नरक चतुर्दशीलाही मी इतक्या लवकर उठत नाही. झाडाखाली काहीच नाही! भारतासाठी वेगळा सर्व्हर नाही, म्हणून मी युरोपच्या सर्व्हरवर खेळते, आणि तिकडे अजून २४ची रात्र चालू होती. साडेचार तासांचा फरक मी उलटा धरला होता. शेवटी दुपारी डबा खाता खाता भेट उघडली.

आता फक्त बर्फाचं काम उरलंय. जमात आणि पेशा यांच्या ठरावीक दहा जोड्यांच्या खेळाडूंवर मूठभर बर्फ टाकायचा: नोम मेज, ड्वॉर्फ पॅलाडिन, टॉरेन शामन वगैरे. नऊ झाले. दहावा अनडेड रोग, आणि तो मुळात लपून फिरणारा.

काल रात्री साडेबाराला डोर्नोगाल शहरातल्या ऑक्शन हाऊससमोर (लिलावघर) एक दिसला. मी माउस नेईपर्यंत गडप. घाईत शेजारच्या ट्रोल हंटरवर क्लिक झालं आणि माझी शेवटची मूठ त्याच्यावर गेली. ट्रोल हंटर मला पहिल्याच दिवशी मिळाला होता. तेवढ्यात तो रोग परत प्रकट झाला, माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, 'केक'.

मी अलायन्सची, तो होर्डचा, म्हणजे शत्रूपक्षाचा. समोरच्या बाजूचं बोलणं कळत नाही, अक्षरांची नुसती भेळ दिसते. पण हे तर स्वच्छ 'केक'! मला वाटलं नाताळाचा केक मागतोय किंवा देतोय. या सणात फ्रूटकेक खायचं एक काम आहेही, आणि माझ्या बॅगेत एक उरला होता. तो मी त्याच्यासमोर बसून खाल्ला. तो पुन्हा म्हणाला, 'केक केक'. मी वाकून नमस्कार केला. तो निघून गेला.

तर तीन प्रश्न. अनडेड रोग नक्की कुठे भेटेल? अनोळखी माणसाला 'जरा उभे राहा' असं खुणेने सांगायची काही रीत आहे का? आणि केकचं काय?

---

जुनाऑर्क:

मावशी, चहा सांडला माझा. समोरच्या बाजूचं बोलणं खेळ मुद्दाम बिघडवून दाखवतो. होर्डवाल्याने 'लोल' लिहिलं की अलायन्सला 'केक' दिसतं. तो तुम्हाला हसत होता. तुम्ही केक खाल्ल्यावर दुप्पट हसला. हा शब्द इतका जुना आहे की खेळ सोडलेले लोकही अजून एकमेकांना 'केक' लिहितात.

बर्फाचं वाईट वाटून घेऊ नका. २००९ साली चिल्ड्रन्स वीक या सणात अनाथ मूल सोबत घेऊन बॅटलग्राउंडमध्ये (दोन बाजूंच्या खेळाडूंचं लढाईचं मैदान) झेंडे पळवायचं काम होतं. ज्यांनी जन्मात बॅटलग्राउंड पाहिलं नव्हतं तेही आले. लढाई बाजूलाच राहिली, आपल्याच टीममध्ये झेंड्यावरून भांडणं. मी होर्डचा, तरी त्या आठवड्यात होर्डच्याच लोकांना जास्त शिव्या दिल्या.

---

वीकेंडहीलर:

@ड्रुइडमावशी, शहरात पाठलाग करू नका. ग्रुप फाइंडरमध्ये (खेळातली गट जुळवायची सोय) कस्टम ग्रुप उघडा आणि नावात कामाचं नाव लिहा. या दिवसांत दहाही जोड्यांची माणसं स्वतःहून येऊन रांगेत उभी राहतात, कारण त्यांनाही कोणीतरी हवं असतं. काही जण तर जुने कॅरेक्टर त्याच्यासाठीच लॉगिन करून ठेवतात. खुणेचं म्हणाल तर आधी हात हलवा, मग वाका. एवढं पुरतं.

बर्फासाठी सरायांमधल्या विंटर रेव्हलरना (सण साजरा करणारी खेळातली पात्रं) 'किस' इमोट, म्हणजे मुका घ्यायची खूण. कधी होली निघते, कधी मिसलटो (दोन्ही नाताळच्या सजावटीच्या वनस्पती). बर्फ निघेपर्यंत सराया बदलत राहा.

---

जुनाऑर्क:

किंवा हे सगळं राहू द्या. माझा एक अनडेड रोग २०११ पासून धूळ खात पडलाय, युरोपलाच. आयडी व्यनि (खासगी निरोप) करतो. आज रात्री अकरा?

---

ड्रुइडमावशी:

झालं!!! तीन सरायांतल्या सगळ्यांचे मुके घेतल्यावर बर्फ निघाला (घरी कोणाला सांगू नका). जुनाऑर्क अकराला डोर्नोगालच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहिले, अंगावर २०११चे फाटके कपडे. एका मुठीत काम झालं. ड्रेक खरंच वांगी रंगाचा आहे.

पार्टीत (खेळातल्या गटात) आम्हाला एकमेकांचं नीट कळत होतं, पण बर्फ पडल्यावर त्यांनी मुद्दाम मोठ्याने लिहिलं, 'केक'. या वेळी मी फ्रूटकेक काढला नाही. संपलाय.