मदत हवी आहे : मुलांच्या अल्बममधल्या गाण्याचा व्हिडिओ करायला परवानगी कुणाची घ्यायची?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नौपाड्याला आमचा मुलांचा गाण्याचा गट आहे. सहा ते बारा वर्षांची मुलं, शिकवणाऱ्या ताई आणि पेटी-तबल्याला पालकच. आठ गाण्यांचा अल्बम काढायचाय आणि सोबत त्याच गाण्यांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचाय. यातून कमाई करायची नाही, पण मुलं इतकी जीव लावून गातात की हे काम रीतसरच व्हायला हवं असं आम्हा सगळ्यांना वाटतं.

सात गाण्यांचा प्रश्न नाही. शब्द कवी दत्त, बालकवी आणि भा. रा. तांबे यांचे. दत्त १८९९ साली गेले, बालकवी १९१८ साली, तांबे १९४१ साली. कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, तो केव्हाच संपला. चालीवर संगीतकाराचा हक्क वेगळा असतो, म्हणून चाली ताईंनी नव्याने बांधल्यात.

घोडं अडलंय आठव्या गाण्यावर. ते गदिमांचं, आणि मुलांचं सगळ्यात लाडकं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. मूळ रेकॉर्डिंग आम्ही वापरणार नाही, पण चाल तीच हवी. मुलांच्या तोंडी ती बसलीय. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सीमध्ये कव्हर व्हर्जनची, म्हणजे जुनं गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करण्याची, सोय आहे. मूळ रेकॉर्ड निघून पाच वर्षं उलटलेली हवीत, आधी नोटीस द्यायची आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. आमच्यासारख्यांना हा आकडा झेपणारा नाही. शिवाय ही सोय फक्त ऑडिओपुरती. गाण्याला चित्र जोडायचं तर हक्कदारांची वेगळी संमती लागते.

ही संमती कुणी मिळवली आहे का? आधी वारसांना भेटायचं, की रेकॉर्ड कंपनीला पत्र लिहायचं, की आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था) जायचं? ऑडिओ आणि व्हिडिओची संमती एकाच पत्रात मागता येते का? लहान गटांना शुल्कात सवलत मिळाल्याचा कुणाला अनुभव आहे का? वकिलाकडे जाण्याआधी या वाटेने गेलेल्यांचं ऐकायचंय.

दुसरं, शूटिंग. सोसायटीच्या गच्चीवर चाचणी घेतली. स्पीकरवर गाणं लावून नुसते ओठ हलवायला सांगितलं, तर सगळी मुलं शाळेच्या ग्रुप फोटोला उभी असल्यासारखी दिसली. मग ताई म्हणाल्या, मोठ्याने गा रे! त्याबरोबर भुवया, मान, हात सगळं आपसूक हलायला लागलं. पहिल्या रांगेतली धाकटी तर प्रत्येक समेवर टाचा उचलत होती. आवाज अल्बममधलाच जोडायचा, पण शूटिंगला मुलांनी खरंच गायचं, हे आता पक्कं. मुलांचे व्हिडिओ करणाऱ्यांना माझा हाच सल्ला. काही भाग मासुंदा तलावाच्या काठावर घ्यायचा विचार आहे. त्यासाठी महापालिकेच्या कुठल्या विभागात अर्ज करायचा, हे ठाणेकरांनी सांगावं.

पालकांची लेखी संमती घेतोय. व्हिडिओ ‘मुलांसाठी’ म्हणून नोंदवला की यूट्यूबवर प्रतिक्रिया बंद होतात, ते तर बरंच आहे.

हक्कदारांना पाठवलेल्या पत्राचा मसुदा कुणाकडे असेल तर नावं खोडून इथे टाका किंवा मला व्यक्तिगत निरोप पाठवा. गाणं वगळा, असं कृपया सुचवू नका. मुलांना ते सोडायचं नाही आणि मलाही नाही.